कॅरेक्टरची नेणीव वाचायची कशी? (तुंबाडच्या विनायकला समोर बसवून)

आधीच सांगून ठेवते, यात 'तुंबाड' या हॉरर फिल्मची अख्खी गोष्ट फुटणार आहे, शेवटासकट. बघितला नसेल तर आधी बघून या, मग वाचा, नाहीतर मला शिव्या घालाल.

2018 च्या ऑक्टोबरमध्ये मी तो पहिल्यांदा बघितला तेव्हा थिएटर अर्ध्याहून जास्त रिकामं होतं आणि माझ्या डोक्यात फ्रॉइड (नेणिवेची, म्हणजे मनाच्या आपल्यालाच न कळणाऱ्या भागाची थिअरी मांडणारा व्हिएन्नाचा डॉक्टर) नुकताच शिरलेला होता, म्हणजे सगळ्यात धोकादायक काळ. घरी येऊन मी आमच्या फिल्म ग्रुपसाठी तीन पानं लिहिली, विहीर म्हणजे हे, दोर म्हणजे ते, नाणी म्हणजे अजून काहीतरी भलतंच, प्रत्येक वस्तूवर एकेक लेबल चिकटवून टाकलं. ग्रुपमधले एक वयस्कर सर होते, त्यांनी ती पानं वाचून परत दिली, खाली पेन्सिलीने एकच शब्द लिहिलेला: "मग?"

राग आला खूप. पण खरंच, मग काय? विहीर म्हणजे गर्भ हे कळल्याने मला विनायकबद्दल नवीन काय कळलं? शिवाय फिल्म ते स्वतःच सांगते, खाली देवीचा गर्भ आहे हे कॅरेक्टर तोंडाने बोलतात, मी काय शोधलं त्यात. 2024 च्या सप्टेंबरमध्ये फिल्म परत थिएटरला लागली तेव्हा वही घेऊन गेले आणि ठरवलं की वस्तू बघायच्याच नाहीत, हा माणूस काय करतो आणि किती वेळा करतो तेवढंच लिहायचं. त्या वहीतून जी पद्धत तयार झाली ती खाली देते. कुठल्याही कॅरेक्टरला लावता येते, पण विनायक शिकायला बरा, कारण त्याच्यात लपवाछपवी कमी आहे.

पहिलं काम: इन्स्टिंक्ट या शब्दाचा घोळ मिटवा

फ्रॉइड जर्मनमध्ये दोन शब्द वापरायचा. एक इन्स्टिंक्ट, म्हणजे सुगरणीला घरटं विणायला कुणी शिकवत नाही, ते जन्मतः येतं, आणि घरटं झालं की काम संपतं. दुसरा ट्रीब, म्हणजे आतून ढकलणारं काहीतरी, जे संपतच नाही. जेम्स स्ट्रेचीने फ्रॉइडचं 24 खंडांचं इंग्रजी भाषांतर केलं त्यात ट्रीबलाही इन्स्टिंक्टच म्हटलं, आणि तिथून तो गोंधळ जगभर पसरला. आपल्याकडे 'सहजप्रवृत्ती' म्हणतात ते सुगरणीला ठीक आहे, विनायकला नाही. विनायकला जे आहे त्याला मराठीत साधा घरातला शब्द आहे, हाव. आणि हाव 'सुटते'. इथे जरा थांबा, कारण पुढची सगळी पद्धत या 'सुटते'वर उभी आहे.

मराठीत आपण 'मी हाव केली' असं सहसा म्हणत नाही, 'मला हाव सुटली' म्हणतो. मला राहवलं नाही. मला खा खा सुटली. मला ओढ लागली. वाक्यात माणूस 'मी' राहत नाही, 'मला' होतो, म्हणजे करणारा दुसराच कोणीतरी आणि आपण नुसते ते घडण्याची जागा. फ्रॉइडने 1923 साली मनाचा जो आराखडा मांडला त्यात या भागाला तो जर्मनमध्ये नुसतं 'एस' म्हणतो, म्हणजे 'ते'. रोजच्या बोलण्यातलं 'ते'. भाषांतरात त्याचं लॅटिन 'इड' झालं, आपण त्याचं संस्कृत 'इदम्' केलं, आणि सोप्या शब्दाला सोवळं नेसवून बसवलं.

तर वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे वर लिहा 'त्याने केलं', उजवीकडे 'त्याला राहवलं नाही'. फिल्म बघताना कॅरेक्टरची प्रत्येक मोठी कृती कुठल्यातरी बाजूला टाका. पहिल्यांदा बघताना नाही जमणार, गोष्टीतच गुंतायला होतं, दुसऱ्यांदा बघताना करा.

विनायकच्या बाबतीत डावी बाजू भराभर भरते. नाणी विकली, सावकार राघवशी घासाघीस केली, घर सजवलं, बाई ठेवली, मुलाला तयार केलं. हा हिशोबी माणूस आहे, वेंधळा नाही. उजव्या बाजूला फारच थोडं येतं, पण जे येतं ते परत परत तेच येतं: तुंबाडला गेला.

गरज कुठे संपली त्या जागी खूण करा

मला विचाराल तर ही सगळ्यात कामाची स्टेप. भूक आणि हाव यातला फरक पडद्यावर कुठे दिसतो? पोट भरल्यानंतर. म्हणून कॅरेक्टरची गरज नेमकी कोणत्या सीनला भागली ते शोधा आणि त्यानंतर तो काय करतो तेवढंच बघा.

1933 मध्ये विनायक तुंबाडला परत येतो तेव्हा तो कफल्लक आहे, म्हणजे तिथे गरज आहे, तिथे मानसशास्त्र लावायची घाई करायची नाही, उपाशी माणूस खजिना शोधायला गेला यात नेणीव वगैरे काही नाही. पण नंतर? पैसा आला, घर झालं, पुण्यात नाव झालं, तरी तो जातोच. आणि मुद्दाम लक्षात ठेवा की तो थोडी थोडी नाणी आणतो. राघवला आणि आपल्यालाही वाटत राहतं की हा एकदाच सगळं का नाही उचलून आणत. वरवरचं उत्तर फिल्ममध्ये आहेच, हस्तर (खाली गर्भात अडकलेला देव, ज्याच्या लंगोटीतून नाणी पडतात) जवळ आला की क्षणभराची संधी मिळते, तेवढ्यात जे हाताला लागेल ते. पण सगळं एकदम लुटून हा धंदाच बंद करावा हे चौदा वर्षांत त्याच्या डोक्यात येत नाही. ती कल्पना शेवटी काढतो कोण, तर पोरगा, पांडुरंग, ज्याच्यासाठी हे अजून नुसतं काम आहे.

माझ्या वहीत इथे लाल पेनाने लिहिलंय: याला सोनं हवंय की खाली जायला हवंय?

चार प्रश्न विचारा, पण चारही उत्तरं मिळायलाच हवीत असं नाही

1915 साली फ्रॉइडने या ढकलणाऱ्या प्रेरणेवर एक निबंध लिहिला त्यात तिचे चार भाग पाडले. जोर किती, समाधान कशात, ते समाधान कोणत्या वस्तूच्या मार्फत, आणि उगम शरीरात कुठे. यातला तिसरा, वस्तूचा, हा सगळ्यात बदलता भाग आहे असं तो स्वतः म्हणतो, वस्तू बदलली तरी ओढ तीच राहू शकते. म्हणजे फिल्म बघताना आपण ज्याच्यावर सगळ्यात जास्त शाई खर्च करतो (सोनं! नाणी!) तीच सगळ्यात कमी महत्त्वाची असू शकते.

विनायकला हे लावून बघा. वस्तू सोनं, ठीक आहे. जोर जबरदस्त, तुंबाडला परत जाणार नाही हा आईला दिलेला शब्द मोडण्याइतका. समाधान कशात? नाणी विकण्यात म्हणावं तर विकताना तो बऱ्यापैकी थंड असतो, चेहऱ्यावर जिवंतपणा येतो तो खाली गर्भात असताना, हस्तर पुढ्यात असतो तेव्हा. घरी बायकोबरोबर, पाहुण्यांत, ऐषारामात तो कंटाळलेला दिसतो. सोहम शाहने हे चांगलं केलंय, खाली भीतीने डोळे मोठे आहेत पण त्या भीतीत मजा पण आहे.

आणि उगम? इथे मी अडकले. तोंड म्हणावं तर तोंडाची भूक हस्तरची. शेवटी मी 'हात' लिहिलं आणि सोडून दिलं. पळवणारा, खेचणारा, दोर धरणारा हात. नाही पटलं तर खोडा.

लहानपणाचा सीन परत लावा, पण ट्रॉमा शोधू नका

हल्ली प्रत्येक फिल्ममध्ये व्हिलनला एक फ्लॅशबॅक असतो, बापाने मारलं म्हणून हा असा झाला, झाली सायकॉलॉजी. असं सरळ बाणासारखं कारण शोधू नका. त्याऐवजी लहानपणाच्या सीनमध्ये कुठली रचना आहे, कोण आत कोण बाहेर, कोण गेलं आणि कोण वाट बघत बसलं, ते कागदावर काढा, आणि मोठेपणी तीच रचना कुठे परत दिसते ते बघा.

1918 चा भाग. पाऊस. दोन पोरं घरात, विनायक आणि सदाशिव. बाजूच्या खोलीत साखळीने बांधलेली म्हातारी, जिला भरवायला लागतं आणि जिची भीती वाटते. आणि आई? आई नाहीये. ती वाड्यावर गेलीय, 'सरकार' म्हणवणाऱ्या वाड्याच्या मालकाकडे, ज्याच्यापासूनच हे पोर झालंय पण जो त्याला आपलं म्हणत नाही. आई जाते ती एका सोन्याच्या नाण्याच्या आशेने. एवढं एक चित्र डोक्यात पक्कं बसवा: आई लांब आहे, कुठल्यातरी मोठ्या बंद जागेत, आणि ती तिथे आहे ती सोन्यापायी.

आता 1920 चा फ्रॉइड. त्याचा दीड वर्षाचा नातू एक खेळ खेळायचा. दोरा बांधलेलं लाकडी रीळ, ते पडदा लावलेल्या पाळण्याच्या कडेवरून आत फेकायचं आणि 'ओऽऽ' म्हणायचं, फ्रॉइडच्या मते म्हणजे 'गेलं'. मग दोरा ओढून परत आणायचं आणि आनंदाने 'हे बघ, आलं'. पुन्हा फेक, पुन्हा ओढ, तासन्‌तास. फ्रॉइडने ते आईच्या जाण्यायेण्याशी जोडलं, आई जाते तेव्हा पोराच्या हातात काही नसतं, खेळात मात्र जाणं-येणं त्याच्या हातात. पण मग त्याला प्रश्न पडला की दुःखाचा भाग, 'गेलं'वाला, पोरगा इतक्या वेळा का खेळतो? तिथून पुढे तो मरणाच्या ओढीच्या कल्पनेपर्यंत गेला.

दोरा, कडेपलीकडे टाकणं, परत ओढणं. विनायक काय करतो? दोर बांधतो आणि स्वतःलाच आईच्या पोटात सोडतो. मग वर ओढून घेतो. मग परत. रीळ तोच आणि पोरगाही तोच. हे मला थिएटरमध्ये दुसऱ्यांदा बघताना दिसलं आणि बाजूच्या माणसाला सांगावंसं वाटलं, पण तो नाचोज खात होता.

आता यात आणि 'विहीर म्हणजे गर्भ' यात फरक काय, सरांनी परत 'मग?' विचारलं तर? फरक असा की इथून विनायकच्या वागण्यातली एक न सुटणारी गोष्ट सुटते, म्हणजे तो सगळं एकदम का लुटत नाही ती. रीळ एकदाच ओढून खिशात घातलं तर खेळ संपला. ज्या वाचनाने फिल्ममधली एखादी अडलेली गाठ सुटत नाही ते वाचन कितीही भारी वाटलं तरी खोडून टाका.

आपल्या भाषेचे कान लावा

फ्रॉइडचं स्वप्नांवरचं पुस्तक (छापलेलं साल 1900, बाजारात आलं त्याच्या आधीच्या नोव्हेंबरात) उघडलंत तर अर्धी मजा जर्मन शब्दांच्या कोट्यांत आहे. नेणीव शब्दांशी खेळते, आणि ती आपल्याच भाषेतल्या शब्दांशी खेळणार ना. म्हणून थिअरी व्हिएन्नाची असली तरी कान घरचा लावा.

'तुंबाड' हिंदीत बोलतो, मान्य. पण माणसं इथली, वाडा इथला, दिग्दर्शक राही अनिल बर्वे मराठी, नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून आलेलं. तर एकदा ती हस्तरची गोष्ट मराठीत सांगून बघा, मोठ्याने. समृद्धीची देवी, तिच्यापासून सोळा कोटी देव झाले, पहिला आणि सगळ्यात लाडका हस्तर. त्याने आईचं सगळं सोनं घेतलं आणि धान्याला हात घालणार तेवढ्यात बाकीचे देव तुटून पडले. आई मध्ये पडली. तिने त्याला पोटात घातलं.

ऐकू आलं का? 'आई, लेकराचे अपराध पोटात घाल' असं आपण देवीसमोर उभं राहून म्हणतो ना. इथे तो वाक्प्रचार अक्षरशः घडतो. देवीने अपराधही पोटात घातला आणि अपराधीही. त्यामुळे मराठी माणसाला तो गर्भ हा एकाच वेळी तुरुंग आणि माफी वाटू शकतो, जे नुसतं 'वूम्ब' म्हणून बघणाऱ्याला वाटेलच असं नाही. म्हणजे विनायक जिथे चोरी करायला जातो ती जागा आईने पोराला माफ केल्याची आहे. दुसऱ्याच्या पोराला. ज्याला स्वतःच्या बापाने पोरगा म्हटलं नाही असा माणूस तिथे उतरतो, हे एकदा डोक्यात आलं की ते सीन वेगळेच दिसायला लागतात.

अजून एक. देवळाच्या आतल्या खोलीला आपण गाभारा म्हणतो आणि त्या शब्दात गर्भ बसलेलाच आहे. 1919 च्या निबंधात फ्रॉइड अनोळखी-ओळखीच्या त्या विचित्र भीतीबद्दल लिहितो, की सगळ्यात भीतिदायक वाटणारी जागा ही खरं तर आपलं पहिलं घर असते, जिथे आपण प्रत्येक जण एकदा राहून आलोय. त्याला ते पानभर समजवावं लागलं, आपण रोज त्या शब्दासमोर चपला काढून हात जोडतो.

खाण्याचंही तसंच. आपल्याकडे पैसा खातात. लाच खातात, जमीन गिळतात, स्वार्थी माणसाला अप्पलपोटा म्हणतात. सोनं आणि अन्न हे दोन वेगळे विषय फिल्मने जोडले असं परीक्षणांमध्ये वाचलं तेव्हा मला हसू आलं, आपल्या भाषेत ते एकाच तोंडाने जातात की.

एक इशारा मात्र. हा माझ्या कानाचा पुरावा आहे, फिल्मचा नाही. लिहिताना 'दिग्दर्शकाला हेच म्हणायचंय' असं लिहू नका, 'मराठी कानाला असं ऐकू येतं' असं लिहा. नावांच्या बाबतीत तर दुप्पट सावध. विनायक म्हणजे गणपती, ज्याला आईने दारावर राखण करायला बसवलं, आणि हा विनायक आईच्याच दारातून आत घुसून चोरी करतो, वा, काय सुंदर जुळतंय! जुळतंय खरं, पण कोकणातल्या ब्राह्मणाघरी 1918 साली पोराचं नाव विनायक असणं यात नवल ते काय. गंमत म्हणून तळटीपेत टाका, त्याच्यावर घर बांधू नका.

कॅरेक्टरला आरशात बघा

हे पटकन सांगते. कॅरेक्टर जे स्वतःबद्दल बोलू शकत नाही ते फिल्म बऱ्याचदा दुसऱ्या कॅरेक्टरच्या अंगावर घालते. म्हणून राक्षसाला राक्षस समजू नका, हीरोचा सख्खा भाऊ समजा आणि दोघांची यादी शेजारी शेजारी लिहा. हस्तरकडे सोनं आहे, अन्न नाही. विनायककडे हस्तरला भुलवायला कणकेची बाहुली आहे, सोनं नाही. हस्तरचं नाव कुठल्या पोथीत येऊ द्यायचं नाही असं ठरलेलं. विनायकचं नाव बाप घेत नाही. दोघंही आईच्या पोटाभोवती अडकलेले. एकाला तिथून बाहेर येता येत नाही आणि दुसऱ्याला बाहेर राहवत नाही. हस्तरला ओलांडता न येणारं कणकेचं रिंगण जे मध्ये आखलंय तेवढाच काय तो दोघांमधला फरक, आणि शेवटच्या भागात तेही कमी पडतं.

फ्रॉइडनंतरची मनोविश्लेषक मेलनी क्लाइन इथे फ्रॉइडपेक्षा जास्त कामाची आहे. तिने 1957 साली असूयेवर लिहिलं त्यात हावेची व्याख्या अशी काहीशी केलीय की गरजेपेक्षा जास्त आणि देणाऱ्याला देता येईल त्याहूनही जास्त ओरपायचं, आईचं अंग आतून पोखरून रिकामं करायचं. तान्ह्या बाळाच्या कल्पनेत हे चालतं असं ती म्हणते. वाचताना अतिरेकी वाटतं, पण 'तुंबाड'मध्ये तेच सेट बांधून दाखवलंय, लालभडक, ओलं, धडधडणारं.

एक वाक्य पकडा आणि ते कोण कोणाला म्हणतं ते लिहा

मला स्वतःला ही सगळ्यात आवडती स्टेप. प्रत्येक चांगल्या फिल्ममध्ये एखादं वाक्य, एखादी धून, हातवारा परत येतो. तो शोधा.

इथे ते वाक्य म्हणजे झोप, नाहीतर हस्तर येईल. आपल्याकडे आया बागुलबुवाच्या नावाने म्हणतात तसंच. पण नीट बघा. पहिल्या भागात पोरगा म्हातारीला म्हणतो, म्हणजे उलटंय, लहान मोठ्याला झोपवतोय. ती साखळीतून सुटून त्याला खायला आलेली असते आणि त्याला नाव आठवत नसतं, जीभ अडकते, आणि अगदी शेवटच्या क्षणी 'हस्तर' तोंडातून निघतं आणि ती धाडकन झोपते. मनाईचं नाव हेच औषध. मनाच्या ज्या भागाला फ्रॉइड वरचा अहम् म्हणतो, घरातल्या मोठ्यांचा दरडावणारा आवाज जो पुढे आपल्याच आत बसतो, तो इतक्या सरळ फार कमी फिल्ममध्ये दिसतो.

आणि शेवटी, 1947 मध्ये, पांडुरंग तेच वाक्य बापाला म्हणतो. बाप हस्तरच्या स्पर्शाने शापित झालाय, म्हातारीसारखा कधीच न मरणारा, आणि हातात हस्तरची ती नाण्यांची लंगोट पुढे करतोय, घे. पोरगा घेत नाही. बापाला झोपवतो आणि पेटवतो.

मधल्या भागात बघा, विनायक म्हातारीला जाळतो, मग राघवला जाळतो, मग त्याला जाळलं जातं. तीन आगी. पहिली तिच्या विनंतीवरून, दुसरी कीव म्हणून पण सापळा त्यानेच लावलेला, तिसरी मुलाच्या हातून. मी हे वहीत एकाखाली एक लिहिलं आणि बराच वेळ त्या पानाकडे बघत बसले. म्हातारीच्या अंगातून झाड उगवलंय, ती वर्षानुवर्षं मरत नाही. इतकं सगळं बघूनही विनायक खाली जातो. फ्रॉइडचा मरणाच्या ओढीचा मुद्दा मला पुस्तकात कधी पटला नव्हता, ते झाड बघून थोडा पटला: हाव पूर्ण झाली की माणूस मरत नाही, मरायचं विसरतो, आणि मग त्याला दुसऱ्या कोणाला तरी झोपवावं लागतं.

जिथे जिथे माती खाल त्या जागा

सोनं म्हणजे विष्ठा. 1908 मध्ये फ्रॉइडने नीटनेटक्या, कंजूष, हट्टी माणसांवर निबंध लिहिला, त्यात सैतान आपल्या प्रेयसींना सोनं देतो आणि तो गेल्यावर त्याची विष्ठा होते ही लोककथा आहे. आता हस्तरची नाणी लंगोटीतून पडतात म्हटल्यावर मोह आवरणं कठीण, मलाही नाही आवरला, 2018 च्या त्या तीन पानांत आहे तो परिच्छेद. पण विनायक कंजूष नाहीये, उधळ्या आहे. म्हणजे थिअरी वस्तूला बसली, माणसाला नाही बसली. सोडून द्या.

"कधीकधी सिगार म्हणजे नुसता सिगारच असतो" हे वाक्य फ्रॉइडच्या नावावर देऊ नका, त्याच्या लिखाणात ते कुठे सापडत नाही.

कॅरेक्टर पेशंट नसतो. पेशंट उद्या परत येऊन 'नाही हो डॉक्टर, तसं नव्हतं' म्हणू शकतो, विनायक नाही म्हणू शकत. फ्रॉइडला तर सिनेमाबद्दलच शंका होती, दिग्दर्शक पाब्स्टने मनोविश्लेषणावर फिल्म केली (1926 ला आली) तेव्हा त्याचे सहकारी अब्राहम आणि झाक्स सल्ला द्यायला गेले, हा लांबच राहिला. म्हणून माझा एक घरगुती नियम आहे, एकदा दिसलं तर योगायोग, दोनदा दिसलं तर वहीत, तीनदा दिसलं तरच लेखात. दोर तीनदा, आग तीनदा, वाक्य तीन पिढ्यांत. पाऊस तर संपूर्ण फिल्मभर आहे, त्याचं मी काहीच करू शकले नाही, कोकणात पाऊस पडतो एवढंच.

आणि इतिहास गिळू नका. फिल्म 1918, 1933, 1947 अशा तीन तुकड्यांत उगीच कापलेली नाही. सरकार, खोती, बेवारस ठरवलेली पोरं, वाड्यावर जावं लागणारी विधवा बाई, स्वातंत्र्यानंतर वाडा सरकारजमा होणं, हे नेणिवेत होत नाही, कागदावर होतं, सहीशिक्क्याने. विनायक 'माझा वाटा, माझा वारसा' म्हणतो तेव्हा त्यात एक रास्त तक्रारही आहे. फ्रॉइडचा शिष्य अर्नेस्ट जोन्सने 1908 मध्ये ज्याला रॅशनलायझेशन म्हटलं, म्हणजे आतल्या ओढीला वरून शहाण्या कारणाचा सदरा घालणं, ते इथे आहेच, पण सदरा चोरीचा नाहीये, त्याच्याच मापाचा आहे. दोन्ही लिहा.

थिअरी व्हिएन्नाची, माणूस कोकणातला, चालतं का, असं हमखास कोणीतरी विचारतं. गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 मध्ये कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली आणि फ्रॉइडशी पत्राने वाद घातले की आमच्याकडचे पेशंट तुमच्या साच्यात बसत नाहीत. 1931 ला पंचाहत्तरीनिमित्त या मंडळींनी फ्रॉइडला हस्तिदंती विष्णू पाठवला, तो त्याने आपल्या टेबलावर ठेवला. वाद आणि विष्णू दोन्ही पाठवता येतात.

लिहायला बसाल तेव्हा

थिअरीने सुरुवात करू नका. ज्या सीनला गरज संपली आणि तरी तो गेला तिथून सुरू करा, त्या सीनमध्ये हात काय करतायत, दोर कसा धरलाय, श्वास कसा आहे ते दहा ओळीत लिहा, आणि फ्रॉइड पहिल्यांदा दुसऱ्या पानावर आला पाहिजे. उजव्या बाजूच्या यादीतली, ती 'राहवलं नाही'वाली, प्रत्येक नोंद लेखात कुठेतरी आलीच पाहिजे, डावीकडची अर्धी गाळली तरी चालेल.

माझ्या यादीत सगळ्यात शेवटी पांडुरंगची एक नोंद आहे आणि ती कुठल्या बाजूला टाकायची ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याने लंगोट घेतली नाही. हे त्याने केलं, की त्याला घेववलं नाही? मी मध्येच रेघेवर लिहून ठेवलंय.